शिक्षकाचें नवें शिक्षण

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्या शिक्षकवर्गासाठीं काढलेल्या डिजिटल साधनांच्या शिक्षणवर्गाचें उद्घाटन करतांना धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा व त्याच्या छायेंत वाढलेल्या शाळेचा अमृतमहोत्सव आपण यंदा साजरा करीत आहों. देवळाला रंग लागला, तोरणें चढलीं, मिरवणूक निघाली, माजी विद्यार्थ्यांचें संमेलन झालें. हा सारा आनंद योग्यच आहे. परंतु उत्सवाचे दिवे विझल्यावर मागें काय उरणार, असा प्रश्न महोत्सव समितीपुढें आला. तेव्हां समितीनें एकमतानें ठरविलें कीं, शाळेच्या सर्व शिक्षकांसाठीं डिजिटल साधनांचा व समाजमाध्यमांचा एक शिक्षणवर्ग काढावा. ओळीनें बारा शनिवार हा वर्ग भरावयाचा आहे. त्याच्या आरंभीं दोन शब्द बोलण्याचें काम आम्हांवर सोंपविण्यांत आलें आहे, तें आम्ही आनंदानें करीत आहों.

या वर्गाविषयीं दोन आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. कित्येक म्हणतात, "शिक्षकांना आतां कसलें शिक्षण? ते स्वतःच शिकविणारे. पंचवीस-तीस वर्षें त्यांनीं पिढ्या घडविल्या." दुसरे म्हणतात, "मुलें आधींच मोबाइलला चिकटून बसतात. त्यांत शाळेनेंही तोच त्यांच्या हातीं द्यावा काय?" हे दोन्ही आक्षेप प्रामाणिक माणसांचे आहेत. त्यांस उत्तर दिल्यावांचून वर्ग सुरू करणें बरें नव्हे. म्हणून आजचें भाषण आम्ही या दोन प्रश्नांनाच वाहिलें आहे.

पहिला प्रश्न : शिक्षकानें पुन्हा कां शिकावें?

शिक्षकाला शिक्षण द्यावें हा विचार आजचा नव्हे. फ्रान्स देशांत संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनीं १६८५ सालीं रीम्स शहरीं खेड्यांतील शिक्षकांसाठीं अध्यापनशाळा काढली. गरिबांच्या मुलांना शिकविणें हें शिकून घेण्याजोगें काम आहे, असें त्या काळीं फारसें कोणी मानीत नसे. या सत्पुरुषानें तें मानलें. लॅटिनऐवजीं मुलांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेंत वाचन शिकवावें, एकेका मुलाला वेगळें न बसवितां साऱ्या वर्गाला एकत्र शिकवावें, या त्यांनीं रूढ केलेल्या गोष्टी आज आपणांस इतक्या स्वाभाविक वाटतात कीं, त्याही एके काळीं नव्या होत्या व शिक्षकांना त्या शिकाव्या लागल्या, याचें आपणांस विस्मरण होतें. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. ज्यांच्या आश्रयाखालीं आपण उभे आहों, त्यांनीं शाळा सुधारतांना शिक्षकाच्या शिक्षणाला अग्रस्थान दिलें, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां आपल्याच किनाऱ्यावरचें एक उदाहरण घ्या. १५५६ सालीं गोव्यास छापखाना आला. हिंदुस्थानांतील तो पहिला. पुढें साठ वर्षांनीं, १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. यंत्र परदेशचें, ग्रंथकारही जन्मानें इंग्रज, तरी ग्रंथ मात्र आपला झाला. असें कां झालें? कारण यंत्राकडे जाण्यापूर्वीं त्या गुरूनें आपली मराठी भाषा व तिची ओवी शिकण्याचे कष्ट घेतले. यंत्र कोणाच्या हातीं आहे व त्या हातानें आधीं काय शिकून घेतलें आहे, यावर सारें अवलंबून असतें.

याच गोष्टीची दुसरी बाजू तर आजच्या वर्गाचा पहिला धडाच आहे. देवनागरीचे खिळे हाताशीं नसल्यामुळें तें मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. आज काय स्थिति आहे? संगणकाची अक्षरें ठरविणारी जी युनिकोड नांवाची जागतिक व्यवस्था आहे, तिच्यांत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच जागा आहे. प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें देवनागरीचे सारे खिळे भरलेले आहेत. तरीही आपण एकमेकांना मराठी निरोप धाडतों तो रोमन अक्षरांत! स्टीफन्स यांच्यापाशीं खिळे नव्हते. आपणांपाशीं असून आपण ते उचलीत नाहीं. मराठी माध्यमाच्या शाळांतील पट कसा उतरत आहे, हें येथें बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पालक म्हणतात, मराठी ही कालची भाषा. मुलाला संगणकाच्या पडद्यावर आपल्या गुरुजींचें शुद्ध, सुंदर मराठी दिसलें नाहीं, तर त्या पालकांचें म्हणणें त्याला खोटें कशावरून वाटावें? म्हणून पहिल्या शनिवारीं आपण देवनागरी टंकलेखनच शिकणार आहों. इन्स्क्रिप्ट पद्धतीचा कळफलक एकदां बोटांत बसला, म्हणजे प्रश्नपत्रिकेसाठीं कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं.

बंधुभगिनींनो, २०२० सालचा अनुभव आपण विसरलेले नाहीं. त्या वर्षीं मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें राज्यांतील शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग नोव्हेंबरपासून जागोजागीं उघडूं लागले; परंतु खेड्यांतील पहिली ते चौथीच्या बालकांना शाळेची पायरी पुन्हा चढावयास १ डिसेंबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला. त्या काळांत शिक्षकांनीं कष्ट कमी केले नाहींत. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तिच्या वेळा गुरुजनांनीं घरोघर कळविल्या. व्हॉट्सॲपवर पाठ धाडले. नेट नसलेल्या वाडीवर पायीं जाऊन वह्या तपासल्या. परंतु नवें साधन हातीं पडलें तें एका रात्रींत, आणि तें वापरण्याची विद्या मात्र कोणी दिली नव्हती. पुस्तकाच्या पानाचें छायाचित्र धाडणें यालाच पुष्कळ ठिकाणीं शिकविणें म्हणावें लागलें. आवाज मुलापर्यंत पोंचला, पण "समजलें का?" असें विचारल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जें उमटतें, तें गुरूला दिसेनासें झालें. संकट येऊन गेल्यावर त्यापासून शिकावयाचें नाहीं, तर मग केव्हां?

साधन आलें म्हणजे विद्या आली, असा भ्रम मोठमोठ्या राष्ट्रांसही झाला आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें खेड्यांतील शाळांना लक्षावधि लहान संगणक वांटले. पुढें आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनीं ३१९ ग्रामीण शाळा तपासून २०१२ सालीं आपला निष्कर्ष मांडला. संगणकांची संख्या पुष्कळ वाढली होती, मुलांच्या सामान्य आकलनशक्तींत कांहीं सुधारणाही दिसली. परंतु गणितांत व भाषेंत मुलें पुढें गेल्याचा पुरावा मिळाला नाहीं. साधन मुलाच्या हातीं गेलें, पण तें रोजच्या पाठांत कसें गुंफावें हें शिक्षकाच्या हातीं नीट उतरलें नाहीं, तर असेंच व्हावयाचें.

याच्या उलट केरळ राज्याकडे पहा. तेथें २००१ सालीं 'आयटी ॲट स्कूल' ही योजना सुरू झाली. २०१७ सालीं तिचेंच 'काइट' या संस्थेंत रूपांतर झालें. तेथें शिक्षकांना शिकविणारे बहुतेक शिक्षकच आहेत. वर्गांत उभें राहून ज्यांनीं खडू झिजविला, तेच आपल्या सोबत्यांना नवें साधन शिकवितात. संगणकाच्या आज्ञावली शक्य तों मुक्त स्वरूपाच्या घेतल्या, म्हणजे परवान्यासाठीं कोणा कंपनीला पैसे मोजावे लागूं नयेत व मलयाळम भाषेची सोय आपल्या हातानें करतां यावी. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नांवाचीं विद्यार्थ्यांचीं मंडळें उभीं राहिलीं. या वीस वर्षांच्या मेहनतीचें फळ असें कीं, साथीच्या वर्षीं, १ जून २०२० रोजीं, त्यांच्या स्वतःच्या 'व्हिक्टर्स' वाहिनीवर पाठ सुरू झाले. तयारी आधींची होती, म्हणून संकटांत ती उपयोगी पडली.

आपल्या महाराष्ट्रांतही असें उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत परितेवाडी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापण्याची युक्ति काढली. त्या चौकोनी ठशावर मोबाइल धरला कीं, त्या धड्याची कविता कानीं पडावी, चित्रफीत डोळ्यांपुढें यावी. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो ठसा आला, आणि आज आपल्या मुलांच्या दप्तरांतील बालभारतीच्या पुस्तकांवर तो आपण पाहतां. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांना दहा लाख डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटून टाकण्याचें ठरविलें. आम्हांस या गोष्टींतील दोन भाग सारखेच मोलाचे वाटतात : एक, ती युक्ति कोणा कारखानदाराला नव्हे, तर पाठ शिकवितां शिकवितां एका शिक्षकाला सुचली, आणि दुसरा, मिळालेलें वांटून घ्यावें अशी त्याची वृत्ति होती.

सरकारनेंही या कामीं पुष्कळ केलें आहे. 'दीक्षा' हें शिक्षकांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं उभारलेलें डिजिटल व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजीं, शिक्षकदिनीं, सुरू झालें. ऑगस्ट २०१९ मध्यें 'निष्ठा' योजना निघाली. देशांतील सुमारें ४२ लाख शिक्षकांना शिक्षण देण्याचा तिचा संकल्प होता, आणि ऑक्टोबर २०२० पासून ती 'दीक्षा' वर चालूं लागली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तर प्रत्येक शिक्षकानें दर वर्षीं निदान ५० तास स्वतःच्या उन्नतीसाठीं द्यावे, असें सांगितलें आहे. हें सारें स्तुत्य आहे. तथापि एवढ्या मोठ्या योजनेंत एक अडचण असते. वरच्यानें मधल्याला शिकवावयाचें, मधल्यानें खालच्याला. असें ओंजळींतून ओंजळींत पाणी देत गेलें, म्हणजे शेवटच्या हातीं ओलावाच तेवढा राहतो. शिवाय पडद्यावर बोट फिरवून प्रमाणपत्र मिळवितां येतें. वर्गांत फरक पडला कीं नाहीं, हें प्रमाणपत्र सांगत नाहीं. ही उणीव गांवच्या शाळेनें गांवांतच भरून काढली पाहिजे. आपला हा वर्ग त्यासाठीं आहे.

वर्ग कसा चालावा?

युनेस्कोनें २०१८ सालीं शिक्षकांच्या डिजिटल पात्रतेचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रथम साधनाचें ज्ञान संपादन करणें, मग तें आपल्या विषयांत खोलवर वापरणें, व शेवटीं स्वतः कांहीं नवें निर्माण करणें. आपण एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारूं नये. पहिल्या दोन पायऱ्या चांगल्या चढलों तरी बारा शनिवारांचें चीज झालें. त्यासाठीं मुख्याध्यापकांशीं विचारविनिमय करून आम्हीं चार गोष्टी ठरविल्या आहेत.

पहिली गोष्ट, साधनें थोडीं असावींत. चाळीस साधनांचीं नांवें ऐकून घरीं जाण्यापेक्षां चार साधनें हातांत बसणें बरें. देवनागरी टंकलेखन, आवाजाचें मुद्रण, तीन मिनिटांची छोटी चित्रफीत, आणि उत्तरें आपोआप एकत्र करणारी लहान प्रश्नावली, एवढीं चार पुरेत.

दुसरी गोष्ट, आरंभ साधनापासून नव्हे, तर धड्यापासून करावा. प्रत्येकानें मुलांना जड जाणारा आपला एक धडा घेऊन यावें आणि विचारावें कीं, याला कांहीं मदत होईल काय? विज्ञानाच्या शिक्षकानें दोरीला दगड बांधून लंबक करावा, मोबाइलवर त्याची चित्रफीत संथ गतीनें दाखवावी, म्हणजे एका झोक्याला किती वेळ लागला, हें मुलांना मोजतां येईल. भूगोलाच्या शिक्षकानें आपल्या वसईंतील बावखलें घ्यावींत. कोणतें बावखल भरलेलें आहे, कोणतें बुजविलें गेलें, हें मुलांनीं आजोबांना विचारून नकाशावर खुणा कराव्यात. पाणी कोठें मुरत होतें व आतां पावसांत रस्त्यावर कां सांचतें, याचा धडा त्यांना पुस्तकावांचून मिळेल. मराठीच्या शिक्षकानें मुलांना घरच्या आजीकडे धाडावें. सामवेदी किंवा वाडवळी बोलींतील शेताचे, स्वयंपाकाचे, लग्नाचे शब्द आजीच्याच आवाजांत मुद्रित करून आणावे. तीं आजी आहे तोंवरच तो आवाज आहे. कोठें एखादा धडा असा निघेल कीं, त्याला खडू व फळाच उत्तम. मग तेथें खडूच वापरावा. साधन न वापरण्याचा निर्णयही शिकलेल्या शिक्षकालाच नीट घेतां येतो.

तिसरी गोष्ट, जोड्या कराव्या. एक तरुण शिक्षक व एक वडीलधारे शिक्षक, अशी जोडी असावी. तरुणाला बटणें माहीत असतात. वडीलधाऱ्याला मूल माहीत असतें. कोण कोणाला शिकवितो, याचा हिशोब ठेवूं नये.

चौथी गोष्ट, शनिवारीं शिकलेलें त्या आठवड्यांत वर्गांत करून पहावें. जोडीदारानें मागच्या बांकावर बसून तें पहावें. आणि पुढच्या शनिवारीं काय साधलें, काय फसलें, हें मोकळेपणानें सांगावें. फसलेलें सांगणाऱ्याला कोणी हंसूं नये. येथें कोणाचीही परीक्षा नाहीं, वेतनवाढीशीं संबंध नाहीं, व वरिष्ठांकडे अहवाल जाणार नाहीं.

आमच्या वडीलधाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना येथें एक गोष्ट प्रेमानें सांगावीशी वाटते. मुलांपुढें यंत्र अडलें, मुलगा उठून म्हणाला, "बाई, मी करूं का?" आणि वर्ग हंसला, तर आपला मान जातो, अशी भीति कित्येकांच्या मनांत आहे. ती भीति खरी आहे, तिला क्षुद्र मानूं नये. परंतु मुलानें यंत्र सुरू करून दिलें म्हणून तें गुरु होत नाहीं. त्याला शाबासकी द्यावी, जागेवर बसवावें, आणि पडद्यावर जें दिसतें त्याचा अर्थ विचारावा. तो अर्थ सांगणारे आपणच आहां. शिकणारा गुरु मुलांना दिसणें, हाही एक धडाच आहे.

दुसरा प्रश्न : मुलांच्या हातीं मोबाइल द्यावा काय?

आतां पालकांच्या आक्षेपाकडे वळतों. मोबाइल शाळा देणार आहे, असें समजूं नये. तो आधींच दिला गेला आहे. 'प्रथम' संस्थेनें देशांतील ग्रामीण भागांत २०२४ सालीं केलेली 'असर' पाहणी सांगते कीं, १४ ते १६ वर्षांच्या शंभर मुलांमागें ८२ मुलांना स्मार्टफोन चालवितां येतो. त्यांपैकीं मागील आठवड्यांत अभ्यासासाठीं फोन वापरलेलीं मुलें शेंकडा ५७, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरलेलीं शेंकडा ७६. समाजमाध्यमें वापरणाऱ्यांपैकीं त्रास देणाऱ्या माणसाला अडविणें किंवा त्याची तक्रार करणें शेंकडा ६२ मुलांनाच माहीत होतें. आपलें खातें परक्यांपासून झांकून ठेवणें तर सुमारें शेंकडा ५५ नाच. म्हणजे जवळजवळ निम्मीं मुलें दार उघडें टाकून झोंपतात! रस्त्यावर वाहनें वाढलीं, म्हणून आपण मुलांना रस्ता ओलांडावयास शिकवितों. रस्ता नाहींच असें समजत नाहीं. हें काम आईबाप करतील तर उत्तमच. परंतु पुष्कळ घरीं आईबापांनाच तें ठाऊक नसतें. तेव्हां तें शिक्षकानें केलें पाहिजे, आणि त्यासाठीं आधीं शिक्षकाला तें आलें पाहिजे.

तथापि मोकळें रान देणें आम्हांसही मान्य नाहीं. म्हणून शाळेनें पुढील नियम केले आहेत. पालकांनीं ते लक्षपूर्वक ऐकावे.

पहिला नियम वयाचा. मोठीं समाजमाध्यमें स्वतःच १३ वर्षांखालील मुलांना खातें उघडूं देत नाहींत. ऑस्ट्रेलिया देशानें १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास बंदी केली. आपल्या देशांत २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणें १८ वर्षांखालील व्यक्ति ही बालक समजली जाते, व तिची माहिती घेण्यास पालकांची संमति आवश्यक धरली आहे. म्हणून आपल्या शाळेंत वर्गाचा गट असेल तो पालकांच्या क्रमांकांचा असेल, मुलांच्या नव्हे.

दुसरा नियम एकांत टाळण्याचा. शिक्षक व एकटें मूल यांच्यांत खासगी निरोपांची देवघेव होणार नाहीं. प्रत्येक गटांत किमान दोन शिक्षक असतील, आणि रात्रीं आठनंतर गटांत निरोप जाणार नाहीं. यांत शिक्षकावर अविश्वास नाहीं. उलट चांगल्या शिक्षकावर उद्यां कोणी बोट दाखवूं नये, यासाठींच ही भिंत आहे. शिवाय शिक्षकालाही घर आहे, जेवण आहे, प्रार्थना आहे.

तिसरा नियम मुलाच्या अब्रूचा. कोणाचे गुण, कोणाची थकलेली फी, कोणाचें रडवेलें छायाचित्र गटांत पडणार नाहीं. मुलांचीं छायाचित्रें पालकांच्या संमतीवांचून कोठेंही प्रसिद्ध होणार नाहींत. एकदां सुटलेला बाण परत येत नाहीं, तसें एकदां पसरलेलें चित्र परत गोळा करतां येत नाहीं.

चौथा नियम सत्याचा. आलेला निरोप तपासल्यावांचून पुढें धाडावयाचा नाहीं. वर्गांत याचा पाठच घ्यावा. एखादी खोटी बातमी फळ्यावर लिहावी आणि मुलांना विचारावें : ही कोणी लिहिली? केव्हां? चित्र कोठलें आहे? तेंच चित्र पूर्वीं दुसऱ्या गांवाच्या नांवानें आलें होतें काय? यामुळें कोणाविषयीं द्वेष उत्पन्न होतो? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करतों. बोटानें पुढें ढकललेली खोटी बातमी ही खोटी साक्षच होय.

पांचवा नियम संकटाचा. मुलाला कोणी त्रास दिला, धमकी दिली, नको तें मागितलें, तर त्यानें तें ताबडतोब सांगावें. आणि ज्याला तें सांगेल त्यानें आधीं ऐकून घ्यावें. पुष्कळ घरीं काय होतें? मूल धीर करून सांगतें, आणि बाप प्रथम त्याचाच मोबाइल हिसकावतो. मग तें मूल पुन्हा कधीं सांगत नाहीं, आणि छळणारा निर्धास्त होतो. तसें करूं नये. आलेले निरोप पुसून टाकूं नयेत, तो पुरावा असतो. मुख्याध्यापकांना कळवावें. बालकांसाठीं १०९८ व सायबर गुन्ह्यांसाठीं १९३० हे साहाय्य क्रमांक आहेत. ते शाळेच्या दर्शनी फलकावर लिहिले जातील.

हे नियम पाळून समाजमाध्यमांचा वर्गांत उत्तम उपयोग होतो. विदर्भांतील कापसाच्या गांवची एक शाळा व आपली शाळा यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं पडद्यावर भेटावें. तेथील मुलांनीं कापसाचें बोंड दाखवावें, आपल्या मुलांनीं सुकेळीं कशीं वाळवितात तें सांगावें. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्र समजावून सांगतांना आपल्या मुलाला किती मराठी शब्द शोधावे लागतील, याचा विचार करा.

ज्या घरीं मोबाइल नाहीं, किंवा एकच असून तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलाचें काय? साथीच्या काळांत अशीं मुलें निमूटपणें मागें पडलीं. म्हणून स्वतःचा फोन असल्यावांचून करतां येणार नाहीं असा गृहपाठ कोणीही देऊं नये. शाळा सुटल्यावर रोज एक तास धर्मग्रामाच्या सभागृहांत संगणक उघडे राहतील व तेथें एक शिक्षक हजर असेल. महोत्सवाच्या निधींतून हा खर्च होईल. देणगी देणाऱ्यांनीं फलकावरील नांवापेक्षां या तासाची अधिक चिंता करावी, अशी आमची विनंति आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं संभाषणयंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. त्यांजकडून निबंध लिहून घेऊन मूल वही पुढें करतें. यंत्राला शिव्या देऊन हें थांबणार नाहीं. शिक्षकानें निबंधाचा कच्चा मसुदा वर्गांतच लिहून घ्यावा, मग मुलाला उभें करून दोन प्रश्न विचारावे : हा शब्द तूं कां निवडलास? हा प्रसंग तूं कोठें पाहिलास? ज्यानें स्वतः लिहिलें त्याला उत्तर येतें. २८ जानेवारी २०२५ रोजीं व्हॅटिकननें या विषयावर 'अँतिक्वा एत नोवा' हें टिपण प्रसिद्ध केलें. शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्यानें जें नातें उत्पन्न होतें, त्याची जागा यंत्र घेऊं शकत नाहीं, असा त्यांतील आशय आहे. शिक्षकांनीं तो मनाशीं धरावा.

मुलांसाठीं एक शेवटचें उदाहरण सांगतों. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं कार्लो आकुतिस या इटालियन मुलाला संतपद दिलें. हा १९९१ सालीं जन्मला व २००६ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, वारला. त्याला संगणकाची विद्या चांगली अवगत होती. ती त्यानें पवित्र मिस्साबलिदानाशीं संबंध असलेल्या चमत्कारांची माहिती जगापुढें मांडण्यास लाविली. खेळही तो खेळे, परंतु त्यासाठीं आठवड्याला एकच तास त्यानें स्वतःला घालून दिला होता. साधन वापरणें आणि साधनानें वापरलें जाणें, यांतील फरक त्या बालकाला समजला होता.

शिक्षकबंधुभगिनींनो, पंचाहत्तर वर्षांपूर्वीं ज्यांनीं ही शाळा उभी केली, त्यांनीं पाटी-पेन्सिलीनें मुलांना अक्षर दिलें. तें अक्षर आज दगडी पाटीवरून कांचेच्या पाटीवर आलें आहे; मूल तेंच आहे, त्याची जिज्ञासा तीच आहे, आणि त्याला वाट दाखविणारा कोणी तरी लागतो हेंही तसेंच आहे. ती वाट आपण दाखविली नाहीं, तर दाखविणारे दुसरे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आपल्या मुलांचें नांवही ठाऊक नाहीं. येत्या शनिवारीं सकाळीं नऊ वाजतां सर्वांनीं आपला एक अवघड धडा घेऊन यावें. संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या कष्टांना यश देवो, आपल्या मुलांचें सर्व अरिष्टांपासून रक्षण करो, आणि शिकविणाऱ्यांना नित्य शिकत राहण्याची नम्रता देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही हा वर्ग सुरू झाल्याचें जाहीर करतों.